जीपच्या पाटीवरून गेलेला ‘मोहम्मद’

सोलापूर जिल्ह्यात ‘जीप’ हे कुठल्या कंपनीचं नाव आहे असं कुणाला वाटतच नाही. होटगी स्टेशनाबाहेर कमांडर उभी असली तरी ती जीप, ट्रॅक्स असली तरी जीप. पाटे मजबूत, मागे समोरासमोर दोन बाकडी, वर रेक्झिनचं हूड आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारा क्लीनर, एवढं असलं की झाली जीप. ‘जीप लागली का?’, ‘जीप गेली का?’ असं आपण विचारतो, तेव्हा ती कुणी बनवली हा प्रश्न मनात येत नाही.

पण जीप हे एका अमेरिकी गाडीचं नाव आहे, आणि ते १९५० पासून अमेरिकेत नोंदणीकृत आहे. ती गाडी भारतात आणणाऱ्या कंपनीच्या पाटीवर सुरुवातीला एक मुसलमान नावही होतं. पाटीवरचं ते नाव लवकरच गेलं. जीप मात्र आपल्या गावांत आली आणि इथलीच झाली. या लेखात मला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत.

युद्धात जन्मलेली गाडी

१९४० च्या उन्हाळ्यात हिटलरच्या फौजा युरोप पादाक्रांत करत होत्या. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण तिच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद पोहोचवणारी, चिखलातून आणि नाल्यातून निघणारी गाडी हवी होती. लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली आणि नमुना तयार करायला अवघे ४९ दिवस दिले. हे आव्हान अमेरिकन बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने स्वीकारलं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि सप्टेंबर १९४० मध्ये नमुना लष्कराच्या तळावर हजर झाला.

मोठं कंत्राट मात्र बँटमला मिळालं नाही. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातली विलिस-ओव्हरलँड ही जुनी कंपनी पुढे आली. तिचं ६० अश्वशक्तीचं ‘गो डेव्हिल’ इंजिन सगळ्यांत दमदार ठरलं. मागणी इतकी वाढली की विलिसच्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या तयार केल्या होत्या. ज्या बँटमने पहिली गाडी घडवली, तिचं नाव आज गाड्यांचे शौकीन सोडले तर कुणाला आठवत नाही. जीपच्या इतिहासातलं हे पहिलं पुसलेलं नाव.

‘जीप’ हा शब्द कुठून आला, याच्या दोन कथा आहेत. फोर्डच्या गाडीवरच्या ‘जीपी’ या अक्षरांचा उच्चार करता करता तो झाला, असं काहीजण म्हणतात. ‘पॉपाय’च्या चित्रकथेत १९३६ साली ‘युजीन द जीप’ नावाचा एक अजब प्राणी आला होता. तो कुठेही पोहोचायचा, म्हणून सैनिकांनी गाडीला त्याचं नाव दिलं, असं इतरांचं म्हणणं आहे. कोणतीही कथा खरी धरली, तरी हा शब्द रुळला तो सैनिकांच्या तोंडी. कंपनीने नंतर त्यावर हक्क सांगितला.

महिंद्रा अँड मोहम्मद

जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे मूळचे लुधियानाचे भाऊ. युद्धकाळात जगदीशचंद्र देशाच्या पोलाद नियंत्रणाचं काम पाहत होते, तर कैलाशचंद्र भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांनी जीप पाहिली आणि विलिसच्या लोकांशी त्यांची ओळख झाली. १९४५ साली या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह कंपनी काढली. तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. धंदा पोलादाच्या व्यापाराचा होता.

गुलाम मोहम्मद यांचा जन्म १८९५ चा, लाहोरचा. शिक्षण अलीगढला झालं, नोकरी ब्रिटिश सरकारच्या लेखा सेवेत. हिशेबात पक्का माणूस अशी त्यांची ख्याती होती. आपल्या सोलापूरला खेटून ज्याची हद्द होती, त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानातही त्यांनी काही काळ अर्थखात्याचं काम पाहिलं.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी तिथली संविधान सभा बरखास्त केली. पाकिस्तानातल्या लोकशाहीला सुरुवातीलाच लागलेली ही ठेच. तिचा दोष इतिहासकार आजही त्यांच्या माथी मारतात, आणि तो चुकीचा नाही. इकडे मुंबईत १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्रा आला, असं सांगितलं जातं. अक्षर तेच राहिलं, माणूस बदलला.

हे नाव कुणी खोडलं नव्हतं. भागीदाराने स्वतः देश निवडला आणि पाटी बदलली. तरीही या घटनेत त्या काळाचं सारं दुखणं दिसतं. भागीदारीच्या धंद्यात, मोहल्ल्यात, कचेरीत असे किती ‘अँड मोहम्मद’ त्या दोन वर्षांत निघून गेले! जे गेले नाहीत, त्यांच्याकडेही ‘हे कधी जाणार?’ अशा नजरेने पाहिलं गेलं. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला गेलेल्यांचा हिशेब आला. पुढे १९५५ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे म्हणून आले ते हेच गुलाम मोहम्मद. दोन्ही देशांना तेव्हा हे शक्य वाटत होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

जीपचा धंदा मात्र जोरात चालला. १९४७ साली सुट्या भागांच्या रूपात ७५ गाड्यांची पहिली खेप आली. पुढे मुंबईत माझगावला जोडणी होऊ लागली आणि १९५४ पासून टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनू लागले. त्याच सुमारास सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत, कुर्ल्याला, डॉज आणि प्लायमाउथ या अमेरिकी मोटारी जोडल्या जात होत्या. त्या मोटारी बंगल्यांसमोर उभ्या राहिल्या. खेड्यांपर्यंत पोहोचली ती जीप.

सरकारची गाडी

पण खेड्यात ती आधी आली ती सरकारची म्हणून. आमच्या भागात तर त्याही आधी लष्कराची म्हणून. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालची मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याने हैदराबाद संस्थानात शिरली. रणगाडे, ट्रक आणि जीपा. पाच दिवसांत निजाम शरण आला. त्याआधी रझाकारांनी लोकांचा जो छळ केला, तो विसरता येत नाही. त्यानंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुजरलं, तेही विसरता येत नाही. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला होता. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला.

म्हणून आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात जीप हा शब्द धास्तीसह यायचा. नंतरही जीपमधून यायचे ते फौजदार, तहसीलदार, नसबंदीवाले, नाहीतर निवडणुकीला मतं मागणारे. दादीअम्मा म्हणायची, “जीप आई तो पहले दरवाजा, बाद में सवाल.” म्हणजे आधी दार लावायचं, मग कोण आलंय ते विचारायचं.

वडाप

ही गाडी आपली झाली ती वडापमुळे. सरकारी खात्यांतून काढलेल्या जुन्या जीपांचे लिलाव व्हायचे. माझ्या चाचांनी अशीच एक घेतली. तिच्या दारावरचं खात्याचं नाव त्यांनी रंगाखाली बुजवलं, पण तिरप्या उन्हात ते पुन्हा दिसायचं. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. तेव्हा सगळेच तसं करायचे, कारण पेट्रोल पाजून वडाप परवडत नसे.

होटगी हे जंक्शन. मुंबई-चेन्नईच्या मोठ्या लाइनीतून विजापूर-गदगचा फाटा इथूनच फुटतो. विजापूरकडची गाडी उशिरा आली आणि पुढची सुटून गेली की माणसं सोलापूरसाठी जीपकडे वळायची. कुणी सिव्हिल हॉस्पिटलला निघालेलं, कुणी बाजाराला, कुणी कोर्टाच्या तारखेला. एका गाडीत कानडी, मराठी आणि दखनी. नऊ जणांच्या गाडीत सतरा बसायचे, ड्रायव्हर अर्धा बाहेर. “सरको जी जरा, और दो आ जाते,” हे चाचांचं ठरलेलं वाक्य. सरकारी कागदात याला ‘अवैध प्रवासी वाहतूक’ म्हणतात. जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे लोक त्याला सोय म्हणतात. दोन्ही शब्द खरे आहेत, आणि अपघात झाला की पहिला शब्द जास्त खरा वाटतो.

आषाढीला हीच जीप पंढरपूरला जायची, गुरुवारी अक्कलकोटला, आणि उरुसाला गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्यावर. अडलेली बाळंतीण असली तर रात्री बारालाही निघायची. मय्यतीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा चाचांचा नियम होता. मय्यत कुणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या काळच्या जीपमालकांना विचारा, सगळे एकच गुण सांगतील: गाडी कळायची. बॉनेट उघडलं की सगळं समोर. दोन-चार पाने, एक हातोडी, थोडी तार आणि जुन्या ट्यूबचा तुकडा असला की माणूस रस्त्यावर अडकून पडत नसे. युद्धभूमीवर कोवळ्या पोरांना दुरुस्त करता यावी म्हणून जी गाडी साधी ठेवली होती, ती आमच्याकडे शाळा सुटलेल्या पोरांना दुरुस्त करता आली. अमेरिकेत १९६८ साली बंद झालेली तिची जुनी ठेवण आपल्याकडे त्यानंतरही कैक वर्षं चालली, त्याचं एक कारण हेच असावं.

ही पोरं बहुतेक मुसलमानांची. शेती नाही, नोकरी नाही, दहावी झाली किंवा राहिली, की मिस्त्रीकडे टाकायचं. उस्तादाने आधी पाने पुसायला लावायचं, मग चाक खोलायला, मग दोन वर्षांनी इंजिनाला हात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगारांचं प्रमाण जास्त असलेल्या व्यवसायांत वाहतूक आणि वाहनदुरुस्ती येतात. अहवालात तो आकडा आहे. आमच्या गल्लीत त्याला नावं होती, काळ्या नखांची बोटं होती.

नाव कुणाचं?

जीपचं मालकीपत्र अमेरिकेत हातोहात फिरत राहिलं. १९५३ मध्ये विलिस कायझरकडे गेली, १९७० मध्ये जीप अमेरिकन मोटर्सकडे आली, १९८७ मध्ये क्रायसलरकडे. आज ती स्टेलँटिस या समूहाची आहे. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला जीप कंपासचं उत्पादन होतं. महिंद्राने जीपच्याच वळणाची ‘रॉक्सर’ अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा २०१८ मध्ये जीपच्या मालकांनी तक्रार केली. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तक्रारदारांच्या बाजूने कौल दिला आणि महिंद्राला गाडीची ठेवण बदलावी लागली. कधीकाळच्या दोन सहकाऱ्यांचं भांडण नाव आणि चेहरा कुणाचा, यावर येऊन थांबलं.

आपल्याकडे मुसलमानांच्या योगदानाची चर्चा निघाली की आपण मोठी नावं शोधतो. ‘अमुक कंपनीत एक मोहम्मद होता’ हे वाचून छाती फुगते, तो पाकिस्तानात गेला हे वाचून मान खाली जाते. मला दोन्ही गोष्टी अनावश्यक वाटतात. गुलाम मोहम्मद दोनेक वर्षं भागीदार होते. जीप चालवणारे, तिचे पाटे बदलणारे, रात्री-अपरात्री परक्याच्या बाळंतिणीला घेऊन धावणारे लोक मात्र पन्नास वर्षं इथेच होते. या गाडीच्या इतिहासातला आपला खरा हिस्सा तो आहे, आणि त्यासाठी कुणाच्या पाटीवर नाव असण्याची गरज पडली नाही.

त्या हिश्श्याची नोंद मात्र कुठेच नाही. वडापच्या जीपा आता कमी झाल्या. त्यांची जागा मॅजिक, रिक्षा आणि घरोघरच्या मोटारसायकलींनी घेतली. नव्या गाड्यांना संगणक लावून दोष शोधतात. जुने उस्ताद थकले, त्यांची पोरं दुसऱ्या धंद्यात गेली. तुमच्या गावात असा एखादा जीपवाला किंवा मिस्त्री अजून असेल, तर त्याच्याजवळ बसा. गाडी कितीला घेतली, कर्ज कसं फेडलं, कुठल्या दंगलीत कुणाला लपवून नेलं, हे विचारा आणि लिहून ठेवा. कंपन्यांचा इतिहास लिहायला कंपन्या आहेत. आपल्या लोकांचा आपणच लिहायचा आहे.