'कोणाचा रे तू?' आणि 'तू काय केलंस?'

नोकरीच्या मुलाखतीत गोष्ट कशी सांगावी, हा आजचा विषय. तो हल्लीच्या प्रशिक्षणवर्गांचा वाटतो खरा, पण त्याला आपल्या गोदीचा आणि गिरणगावाचा इतिहास आहे. म्हणून रे रोडपासून सुरुवात करू.

लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं हे नाव. १९१० मध्ये कुर्ल्याहून हार्बर लाइन रे रोडपर्यंत आली. एका बाजूला गोदी आणि दारूखाना, दुसऱ्या बाजूला थोडं पुढे लालबाग-परळच्या गिरण्या. इथे काम मिळायचं ते दारावर. गोदीत टोळीवाला माणसं घ्यायचा, गिरणीत जॉबर. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, आणि आत कोण गैरहजर आहे त्यावर त्यांचा दिवस ठरायचा.

आता, तिथे विचारलं काय जायचं? गाव कुठलं, कोणाचा, कोणाच्या ओळखीनं आलास? याचं उत्तर म्हणजे छोटी गोष्टच की! पण तिचा नायक सांगणारा नसे. नायक म्हणजे गाव, भावकी, आधी लागलेला चुलता. ती गोष्ट म्हणजे जामीन होता. राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवलंय, की जॉबरचं वजन गिरणीइतकंच वस्तीतल्या संबंधांवरही उभं होतं.

ज्याच्यामागे असा चुलता होता, त्याला या गोष्टीनं तारलं. पण त्याच प्रश्नानं कित्येकांना दार बंदही केलं. विणकाम खात्यात मजुरी जास्त. तिथे कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि विटाळाचं कारण सांगून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे हात किती चालतो हे कुणी विचारलंच नाही. तू कोणाचा, एवढ्यावर निकाल!

पुढे १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघानं बदली कामगारांची नोंद सुरू केली. गोदीसाठी १९४८ चा कायदा आला, १९५१ ची मुंबईची योजना आली. नोंदवही आली, पाळी आली. ओळखीचं वजन निदान कागदावर तरी कमी झालं.

आता दुसरा प्रश्न बघा. अमेरिकेत जॉन फ्लॅनगन नावाचे मानसशास्त्रज्ञ लष्करी वैमानिकांच्या निवडीवर काम करत होते. उमेदवार नापास का झाला, यावर शेरे कसे असत? 'अंगात उडण्याची क्षमता नाही.' यातून काय कळणार? त्यांनी आग्रह धरला: प्रसंग सांगा, त्यात त्या माणसानं नेमकं काय केलं ते सांगा. १९५४ मध्ये त्यांनी ही पद्धत लेखात मांडली. आज मुलाखतीत 'असा एखादा प्रसंग सांगा' म्हणतात, त्यामागे हाच विचार आहे.

ॲरिस्टॉटलनं काव्यशास्त्रात हेच म्हटलंय: कथानक कृतीचं असतं, नुसत्या माणसाचं नव्हे.

समजा, एखादी मुलगी आईची खानावळ सांभाळते. मुलाखतीत ती म्हणते, 'मी मेहनती आहे.' हा झाला शेरा. त्याऐवजी तिनं सांगावं: 'सकाळी गॅस संपला, चाळीस डबे जायचे होते. शेजारच्या दोन घरांत चुली मागितल्या, भात आणि आमटी वाटून दिली, लांबचे डबे आधी पाठवले. सगळे पोचले, दहा उशिरा. त्या दिवसापासून जादा सिलिंडर ठेवतो.' अडचण, आपली कृती, परिणाम, आणि त्यातून घेतलेला धडा. दोन मिनिटं पुरतात. ते उशिराचे दहा डबे लपवू नका. त्यांच्यामुळेच गोष्ट खरी वाटते. रचलेली गोष्ट 'मग तू काय केलंस?' या पुढच्या प्रश्नाला ढासळते.

आपल्या मुलांची एक अडचण असते. चाळीत वाढलेलं पोर 'आम्ही केलं' म्हणतं. 'मी' म्हणायला त्याला संकोच वाटतो. हा संस्कार चांगलाच आहे, तो सोडू नका. पण आम्ही मिळून काय केलं हे सांगताना त्यात माझा वाटा कोणता, तेही सांगा. ती बढाई नव्हे, तो हिशेब आहे.

आणि टेबलापलीकडे बसणाऱ्यांना एक विनंती. आडनाव आणि पत्ता ऐकून मनातल्या मनात 'कोणाचा रे तू?' विचारणं अजून संपलेलं नाही. समोरचा आपलं काम सांगतोय, तर ते ऐका. गिरणीच्या दारात कित्येकांना तेवढी संधीसुद्धा मिळाली नाही.

इथे थांबतो.