मॅकिंटायर, बॉब

मॅकिंटायर, बॉब : (२८ नोव्हेंबर १९२८–१५ ऑगस्ट १९६२). स्कॉटिश मोटारसायकल शर्यतपटू. आइल ऑफ मॅनच्या टूरिस्ट ट्रॉफी (टीटी) शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेगाने फेरी पूर्ण करणारे पहिले स्वार. संपूर्ण नाव रॉबर्ट मॅग्रेगर मॅकिंटायर. जन्म ग्लासगो येथे.

१९५२ मध्ये त्यांनी ३५० सीसी एजेएस गाडीवर हौशी स्वारांची ज्युनिअर मॅन्क्स ग्रां प्री जिंकली आणि त्याच गाडीवर ५०० सीसी गटाच्या सीनियर शर्यतीत दुसरा क्रमांक पटकावला. पुढे बेल्सहिल येथील इंजिनतज्ज्ञ जो पॉट्स यांनी तयार केलेल्या नॉर्टन गाड्यांवर त्यांचा जम बसला.

इटलीच्या जिलेरा संघाचे स्वार जेफ ड्यूक जखमी झाल्याने १९५७ मध्ये त्यांना त्या संघात स्थान मिळाले. ते टीटीचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. टीटीचा मार्ग सुमारे ६०·७ किमी. लांबीचा असून एरवी रहदारीचाच आहे. तो गावांतून, दगडी कुंपणांना खेटून जातो आणि स्नेफेल डोंगराच्या अंगाने चढून खाली उतरतो. स्वारांना ठरावीक अंतराने सोडतात. त्यामुळे खरी झुंज घड्याळाशी असते. ज्युनिअर शर्यतीत वाटेत थांबून स्पार्क प्लग बदलावा लागूनही मॅकिंटायर विजयी झाले. आठ फेऱ्यांच्या सीनियर शर्यतीत त्यांनी जॉन सर्टीझ यांना मागे टाकले, सर्वांत जलद फेरी ताशी १०१·१२ मैल (सुमारे १६२·७ किमी.) वेगाची होती. त्या वर्षी ५०० सीसी विश्वविजेतेपदाच्या क्रमवारीत ते दुसरे आले. नोव्हेंबरमध्ये मोंझा येथे ३५० सीसी जिलेरावर त्यांनी एका तासात १४१·३७ मैल (सुमारे २२७·५ किमी.) अंतर कापले. हा विक्रम १९६४ पर्यंत अबाधित राहिला.

१९५७ च्या हंगामानंतर जिलेराने शर्यतींतून माघार घेतल्याने त्यांना पुन्हा नॉर्टनकडे वळावे लागले. १९५९ मध्ये त्यांनी फॉर्म्युला वन टीटी जिंकली. १९६१ च्या टीटीत २५० सीसी होंडावर त्यांची एक फेरी ताशी ९९·५८ मैलांची झाली. मात्र शेवटच्या फेरीत इंजिन निकामी होऊन विजय हुकला. त्याच वर्षी अल्स्टर आणि १९६२ मध्ये बेल्जियमची २५० सीसी ग्रां प्री त्यांनी जिंकली.

६ ऑगस्ट १९६२ रोजी इंग्लंडमधील ओल्टन पार्क येथे ओल्या धावपट्टीवर नॉर्टनवरून पडून ते गंभीर जखमी झाले आणि नऊ दिवसांनी मरण पावले. त्या हंगामात २५० सीसी गटात त्यांचा दुसरा क्रमांक लागला. विश्वविजेतेपद न मिळालेल्या या स्वाराच्या नावावर पाच ग्रां प्री विजय आहेत. त्यांच्या स्मरणार्थ स्कॉटलंडमधील ईस्ट फॉर्च्यून येथे शर्यती भरवल्या जातात.