विमानातली रात्र आणि खुर्च्यांचे वर्ग

आपाच्या मुलीचा निकाह न्यू जर्सीत ठरला आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण जायचं नक्की झालं. मी, मुलांचे अब्बा, अकरा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि त्र्याहत्तर वर्षांची अम्मी. तिकिटं काढायला गेलो तर एजंटनं पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, क्लास कोणता?"

मी वीस वर्षं शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. क्लास कोणता म्हटलं की माझ्या तोंडी इयत्ता आणि तुकडी येते. त्याला मात्र इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी की बिझनेस हे हवं होतं. बिझनेसच्या एका तिकिटाच्या पैशांत इकॉनॉमीची चार तिकिटं येत होती. प्रीमियमला साधारण दुप्पट. मुंबईहून रात्री दीडला निघायचं, सोळा तास बसायचं. अम्मीचे गुडघे दुखतात, तासभर पाय लोंबकळत राहिले तरी सुजतात. घरात फोनाफोनी झाली. आपा आणि भाईजान म्हणाले, आम्ही पैसे घालतो, अम्मीला झोपून येऊ दे. ठरलं. अम्मी बिझनेसमध्ये, आम्ही चौघं मागे इकॉनॉमीत.

त्या रात्री काय झालं ते पुढे सांगते. परत आल्यावर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. एकाच विमानात, एकाच रात्री, एकाच घरच्या माणसांना असं वेगवेगळं बसवणारे हे वर्ग आले कुठून? इतिहास माझा विषय नाही, पण वाचत गेले आणि जे हाती लागलं ते मांडते आहे.

वर्ग विमानानं शोधले नाहीत. ते आगबोटीकडून आणि रेल्वेकडून आले. आमच्या कोकणातल्या घरांना आगबोट नवी नाही. माझे नाना-नानी १९७४ साली मुघल लाइनच्या बोटीनं हजला गेले. मुंबईत साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम करायचा, मग बोटीत चढायचं आणि आठवड्याहून जास्त दिवसांनी जेद्दाहला उतरायचं, असा तो प्रवास. बोटीत वर पहिल्या वर्गाच्या केबिनी होत्या आणि खाली डेक क्लास. नाना-नानी डेकवाले. नानी सांगायची, चटई अंथरली, चादर बांधून आडोसा केला की झालं घर. उलट्या, उकाडा, रांगा सगळं होतं. पण गावातली आठ-दहा माणसं एकाच ठिकाणी पथारी टाकून होती. नानाला ताप आला तेव्हा शेजारच्या बाईनं रात्रभर कपाळावर पट्टी ठेवली, हे नानी शेवटपर्यंत सांगत असे. १९९५ नंतर हजच्या बोटी बंद झाल्या आणि सगळा प्रवास विमानानं सुरू झाला.

विमानाची सुरुवात वेगळी होती. त्यात पहिली कित्येक वर्षं वर्गच नव्हते. तिकीट इतकं महाग असे की चढणारा प्रत्येकजण पहिल्या वर्गातलाच. आणि रात्रीचा प्रश्नही नव्हता, कारण लांबचं विमान संध्याकाळी उतरायचं. १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजनं लंडन ते कराची सेवा सुरू केली तेव्हा हा प्रवास सात दिवसांचा होता आणि प्रवासी रात्री जमिनीवर झोपत. १९३२ पासून या मार्गावरचा एक मुक्काम शारजाला होता. तिथे विमानाच्या प्रवाशांसाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं होतं. आज आमच्या गावातली निम्मी पोरं ज्या शारजा-दुबईत नोकरीला आहेत, तिथे तेव्हा वाळवंटात हे लोक पलंगावर झोपून सकाळी पुढे निघायचे.

मग विमानं रात्री उडू लागली आणि पहिला विचार झाला तो झोपेचा. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेत डग्लस कंपनीचं एक विमान पहिल्यांदा उडालं. त्याचं नावच स्लीपर ट्रान्सपोर्ट. आत रेल्वेसारखे चौदा बर्थ. पण त्याच सांगाड्यात बर्थ न घालता एकवीस खुर्च्या बसवल्या तर? ते झालं डीसी-३, आणि जगभर चाललं ते हेच. चौदा झोपलेल्या माणसांपेक्षा एकवीस बसलेली माणसं जास्त पैसे देतात, हा हिशेब त्या दिवसापासून आजपर्यंत बदललेला नाही.

स्वस्त वर्गाचा जन्म कळला तेव्हा मी थबकले. तो रात्रीच झाला आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल एअरलाइन्सनं शिकागो ते न्यूयॉर्क अशी 'नाइटहॉक' नावाची स्वस्त सेवा सुरू केली. विमान सुटायचं मध्यरात्रीनंतर. त्या वेळी विमानं नाहीतरी जमिनीवर उभीच असत. ज्याला झोपमोड चालेल त्याला कमी पैशांत न्यायचं, अशी ही कल्पना. म्हणजे गरिबाला तिकीट स्वस्त मिळालं ते त्यानं स्वतःची झोप मोजून दिली म्हणून.

त्याच वर्षी, ८ जून १९४८ ला, आपल्याकडून एअर-इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. पस्तीस प्रवासी होते. त्या विमानात माझ्या नानासारख्या माणसाची कल्पनाही कोणी केली नसेल.

आंतरराष्ट्रीय विमानांत मात्र मनाला येईल ते भाडं लावता येत नव्हतं. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेत बसून सगळे मिळून भाडी ठरवत. १ मे १९५२ पासून अटलांटिकवर 'टुरिस्ट' वर्ग सुरू झाला. भाडं पहिल्या वर्गापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. १९५८ मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' आला. भाडं सगळ्यांचं सारखं, मग एका कंपनीनं दुसरीपेक्षा जास्त सोय देऊ नये म्हणून सोयीसुद्धा नियमात बांधल्या. दोन खुर्च्यांमध्ये किती इंच अंतर, खायला काय द्यायचं, सगळं. इकॉनॉमीत फक्त साधं, थंड सँडविच द्यायचं होतं. स्कँडिनेव्हियाची एसएएस कंपनी त्यांच्याकडचं भरगच्च सँडविच देऊ लागली, तर पॅन अ‍ॅमनं तक्रार केली आणि एसएएसला वीस हजार डॉलर दंड झाला! इकॉनॉमीवाल्याचं पोट जरा जास्त भरलं हा गुन्हा ठरला. वर्गात हे सांगितलं तर माझी मुलं हसतील. पण यातून एक गोष्ट समजते. खालच्या वर्गाची गैरसोय अनेकदा मुद्दाम राखावी लागते, नाहीतर वरच्या वर्गाचं तिकीट कोण घेणार?

पुढचा इतिहास भरभर सांगते. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमानं आली आणि न्यूयॉर्कची सेवाही सुरू झाली. १९७० मध्ये जम्बो ७४७ आलं, एका विमानात साडेतीनशेहून जास्त माणसं. खुर्च्या भरायला सवलतीची तिकिटं निघाली. मग इकॉनॉमीचं पूर्ण भाडं भरलेला कामाचा माणूस आणि सवलतीत आलेला पर्यटक शेजारी शेजारी बसू लागले. पूर्ण भाडं भरणारे कुरकुरू लागले. त्यांना वेगळं बसवण्यासाठी १९७८-७९ च्या सुमारास ब्रिटिश एअरवेज, पॅन अ‍ॅम, क्वांटास यांनी मधला वर्ग काढला. तो बिझनेस क्लास. पुढे तो इतका महाग झाला की त्याच्या खाली पुन्हा पायरी लागली. १९९२ मध्ये तैवानच्या इव्हा एअरनं आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकनं आज ज्याला प्रीमियम इकॉनॉमी म्हणतात तो वर्ग आणला. पूर्ण आडवी होणारी खुर्ची ब्रिटिश एअरवेजनं १९९६ मध्ये पहिल्या वर्गात आणि २००० मध्ये बिझनेसमध्ये दिली. १९३५ मधला तो बर्थ साठेक वर्षांनी परत आला, पण कितीतरी मोठ्या किमतीला.

इथे आपल्या रेल्वेची आठवण येते. १९७४ मध्ये, नाना-नानी हजला गेले त्याच साली, भारतीय रेल्वेनं तिसरा वर्ग बंद केला. पण आजही साध्या स्लीपरच्या डब्यात मजूरसुद्धा पाठ टेकून झोपतो. आपल्या गाडीत आडवं होणं ही साधी गोष्ट आहे. विमानात तीच सगळ्यात महागडी गोष्ट झाली. म्हणून आपल्या माणसांना वाटतं की पैसे मोजून आईला आडवं करता आलं म्हणजे आपण कर्तव्य केलं. आम्हालाही तसंच वाटलं.

आता त्या रात्रीचं. अम्मीला तिच्या जागेवर बसवून मी मागे आले. बाईंनी पडदा ओढला. डिसेंबरात मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्या या विमानासोबत रात्रही पुढे सरकत राहते. दीडला सुटलेलं विमान सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरलं तरी तिथे पहाटच असते. खिडकीबाहेर सगळा वेळ अंधार. धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, थोरला अब्बांच्या खांद्यावर. चारेक तास झाले असतील. मला डोळा लागत होता तोच कोणीतरी हात लावला. अम्मी उभी होती. डोक्यावर दुपट्टा, हातात तसबीह.

"झोपली नाहीस, अम्मी?"

"अगं, पलंग चांगला आहे. पण दोन्ही बाजूंना भिंती. हाक मारली तर कोणाला ऐकू जायची? पाणी मागायचं तर बटण कळेना. वाटलं, कबरीत निजले."

मी घाबरून तिला गप्प केलं. मुलांचे अब्बा उठले आणि त्यांनी आपली कडेची खुर्ची तिला दिली. ते स्वतः बराच वेळ मागच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. त्यांनी तिच्या पलंगावर जाऊन झोपावं असं मी म्हटलं, पण कर्मचाऱ्यांनी सांगितलं की तिकीट ज्याचं तोच तिथे झोपू शकतो. नियमच तसा, त्यांची चूक नव्हती. मग आपा आणि भाईजानच्या पैशांचा तो पलंग अर्धी वाट रिकामा गेला आणि अम्मी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मध्येच विचारायची, "फज्र झाली का गं?" मी सांगायची, "अजून नाही." तिसऱ्यांदा म्हणाली, "ही रात्र संपतच नाही का?"

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा तिचे पाय सुजलेले होते. चप्पल चढेना. हे लपवून ठेवणार नाही. एकत्र बसलो की सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. इकॉनॉमीची खुर्ची म्हाताऱ्या माणसाला जड जाते, आणि दर दोन तासांनी उठवून चालवायला हवं होतं, ते मी झोपेत विसरले. पलंगाची गरज खरी होती. आमचं चुकलं ते एवढंच की सोय विकत घेताना तिच्या शेजारी कोण असेल हे कोणी विचारलंच नाही.

परतीच्या वेळी फरकाचे पैसे भरून तिकिटं बदलली. बिझनेसच्या एका जागेऐवजी प्रीमियम इकॉनॉमीच्या दोन, अम्मी आणि मी. तिला चालण्याच्या वाटेकडची जागा, पायाखाली आधार. मुलं आणि त्यांचे अब्बा मागे एका रांगेत तिघं. पूर्वेला येताना रात्र आखूड असते, विमान उजेडाकडे धावत असतं, त्यामुळे पलंगाची तितकी गरजही वाटली नाही. दर दोन तासांनी मी तिला उठवून मागच्या नातवंडांपर्यंत फिरवून आणत होते. चप्पल चढली.

कोणी मला विचारलं की घरच्यांसोबत रात्रीच्या लांब विमानात कोणता वर्ग घ्यावा, तर मी आधी विचारीन, तुमच्यात कोणाला एकटं बसवता येणार नाही? त्याच्या शेजारची जागा पहिली ठरवा. ज्याला पाणी मागता येत नाही, बटण कळत नाही, रात्री दचकून जाग येते, त्याच्या शेजारी घरचं माणूस हवं. मग उरलेल्या पैशांत जितके इंच मिळतील तितके घ्या. पैसे एकाच बाजूला खर्चायचे असतील तर लांब रात्रीच्या बाजूला खर्चा.

घरी आल्यावर अम्मीनं शेजारणींना सगळा प्रवास सांगितला. पलंगाचं एका वाक्यात आटोपलं. परतीचं मात्र बराच वेळ चाललं होतं. ऐकता ऐकता मला नानीच्या चटईची आठवण झाली.