रातांबा आणि रत्नागिरीकरांचे पोट

रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, उल्लेख पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आहे. रत्नागिरीत वैशाखात रातांबे फोडतात, साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात, तीच आमसुले. मिठात टिकवलेला रस म्हणजे आगळ. जड जेवणावर सोलकढी, पित्तावर आमसुलाचे पाणी, ही इथली जुनी आणि शहाणी रीत.

पोटाला इतके जपण्यात अर्थ आहे. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन आतड्यात तयार होते; प्रतिकारपेशींचा मोठा वाटाही तिथेच असतो. जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच वार्धक्याचा संबंध आतड्यातल्या जंतूंशी जोडला होता. रातांब्याच्या सालीतल्या गार्सिनॉल या द्रव्यावरचे प्रयोग मात्र मुख्यतः पेशी आणि प्राण्यांवरचे आहेत. त्यावरून आमसुलाने आयुष्य वाढते असे म्हणता येत नाही.