चांद्याच्या कोळशाचे दुसरे कूळ

वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळशाचा इतिहास सरकारदप्तरात मुख्यत्वे इंधनाचा इतिहास म्हणूनच नोंदला गेला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा (आजचा चंद्रपूर) इंग्रजी अंमलाखाली आला, वरोऱ्यास सरकारी खाण निघाली, वर्ध्याहून तेथवर लोहमार्ग गेला, आणि १८७७ साली भूशास्त्रज्ञ थिओडोर ह्यूज यांनी या कोळसाक्षेत्राचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. १९०६ साली ती खाण बंद झाली, तरी बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या ठिकाणांहून कोळसा निघतच राहिला.

त्याचे दुसरे कूळ युरोपातील रसशाळांत वाढले. हवेवाचून कोळसा तापविला असता जे डांबर सुटते, त्यातून १८३२ साली द्यूमा व लोराँ यांना अँथ्रासीन सापडले. कार्बनची षट्कोनी वलये कडेला कड लावून बसलेला हा रेणू. आमच्या खोऱ्यातील कोळशाचा कोक होत नाही, म्हणून त्याच्या वाट्यास भट्टीच आली. परंतु त्याच्याही अंगी अशीच वलये आहेत.

या वलयांतील कार्बनच्या जागी दुसरे अणूही बसविता येतात. कार्बनपाशी सहा इलेक्ट्रॉन, बोरॉनपाशी पाच, नायट्रोजनपाशी सात. तेव्हा शेजारच्या दोन कार्बनांच्या जागी बोरॉन-नायट्रोजनची जोडी बसविली, तर बेरीज बाराच राहते. (बोरॉन म्हणजे सोनाराच्या टाकणखारातील मूलद्रव्य.) १९२६ साली श्टॉक व पोलांड यांनी सर्वस्वी या जोडीचेच वलय, बोरॅझीन, सिद्ध केले, आणि १९५८ साली मायकेल ड्यूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनोबायफेनिलवर बोरॉन ट्रायक्लोराइडची क्रिया करून व ॲल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने वलय मिटवून फेनॅन्थ्रीन या अँथ्रासीनच्या भावंड रेणूच्या सांगाड्यात ती जोडी प्रस्थापित केली. मला या कृतीचे अपार कौतुक वाटते. आकृती जवळजवळ तीच राहते, परंतु दोन अणूंची इलेक्ट्रॉनांवरील ओढ विषम असल्याने विद्युत्भाराची वाटणी पालटते आणि तिच्यासवे ऊर्जेच्या पातळ्याही. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, तर त्याच घडणीचे बोरॉन नायट्राइड तिला अडविते. २०१६ साली जपानात हाताकेयामा यांनी एका बोरॉनभोवती दोन नायट्रोजन वलयांत गुंफून निळा प्रकाश देणारे रेणू घडविले, ते पडद्यांच्या दिव्यांसाठी.

आता पुन्हा चांद्याकडे. १९८२ साली त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०११ साली दोन्ही जिल्ह्यांसाठी तेथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. या कोळशाला पोटात घेणाऱ्या खडकांस भूशास्त्राने हेच नाव फार पूर्वी दिले होते; तेव्हा येथील विद्यार्थ्याला वलयांचे रसायन शिकविताना पहिला नमुना वर्धा खोऱ्यातील खाणीचा असावा, असे मला मनापासून वाटते.