नखावरचा मासा

गेल्या दिवाळीत, मालवणच्या आमच्या घरी, धाकटीने कपाटात विसरून गेलेल्या नखपॉलिशच्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवून सैल केल्या आणि आगकाडीच्या टोकाने अंगठ्याच्या नखावर इवलासा मासा रेखला. मला एकदम सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या. चिंचोक्याची खळ, रंग, वर लाखेची झिलई. दहा अवतारांची १२० गोल पाने, त्यांत पहिला मान मत्स्याचा! ही कलाही अशीच अडगळीत पडली होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी ती वृद्ध पुंडलिक चितारींकडून शिकून घेतली. १९७१ साली राजवाड्यात पुन्हा काम सुरू झाले. सुकलेला रंग सैल करता येतो. शिकवणारा हात गेला, तर काय करावे? भाऊबीज होताच धाकटीला घेऊन मी वाडीची गाडी धरली.