शंखपुष्पी : ओळखपरीक्षा

मन शांत ठेवणारी आणि बुद्धिवर्धक म्हणून आयुर्वेदात वापरली जाणारी वनस्पती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु आणि गुडूची यांच्यासह हिचा समावेश असून चारांत हिलाच विशेष मेध्य म्हटले आहे. पंचांग, म्हणजे मुळासकट अख्खे झाड, औषधात घेतात. घोटाळा नावाचा आहे. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडियाने शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही जाती स्वीकारली आहे. तिचे आजचे मान्य नाव कॉ. प्रोस्ट्रेटस. पण शंखपुष्पी याच नावाने विष्णुक्रांतही (इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉयडिस) विकली जाते, केरळात गोकर्ण वापरतात आणि बंगालमध्ये कॅन्स्कोरा डेकुसाटा. याला सरसकट भेसळ म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण केरळातला वैद्य गोकर्ण देतो तो परंपरेनेच. पुडीवर एक वनस्पती लिहून आत दुसरी भरली, तर मात्र ती भेसळच.

ओले झाड हाती असेल तर फारसे अडत नाही. गोकर्णाची पाने संयुक्त आणि फळ शेंग. कॅन्स्कोराचे खोड चौधारी, पंखयुक्त आणि पाने समोरासमोर. उरलेल्या दोघी एकाच कुळातल्या, दोघी जमिनीलगत पसरणाऱ्या, लवदार. शंखपुष्पीचे फूल पांढरे ते फिकट गुलाबी, नरसाळ्यासारखे. विष्णुक्रांतेचे इवलेसे, निळे, थाळीसारखे पसरट. वाळल्यावर रंग उडतो आणि इथेच खरेदीदार फसतो. अशा वेळी सुकलेले फूल कोमट पाण्यात भिजवून सुईने उलगडावे व भिंगाखाली पाहावे : शंखपुष्पीत कुक्षिवृंत एकच, टोकाला दोन बारीक कुक्षी, विष्णुक्रांतेत कुक्षिवृंत दोन आणि प्रत्येक पुन्हा दुभागलेला.

चूर्णात फूल सापडत नाही, लव सापडते. चिमूटभर चूर्ण क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात गरम करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की विष्णुक्रांतेचे केस इंग्रजी टी अक्षरासारखे, दोन बाहूंचे दिसतात. शंखपुष्पीचे साधे असतात. एकट्या रासायनिक चाचणीवर विसंबू नये. पातळ थर वर्णलेखनात स्कोपोलेटिनचा निळा ठिपका अतिनील प्रकाशात छान चमकतो खरा, पण ते द्रव्य दोन्ही वनस्पतींत आहे. डीएनए चाचणी नेमकी, मात्र तुलनेला तज्ज्ञाने नाव निश्चित केलेला हर्बेरियम नमुना लागतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रात असा संग्रह आहे.

सिरप झाल्यावर परीक्षा फार अवघड होते : लव गाळणीत राहते, उकळण्याने डीएनए तुटतो. म्हणून कारखान्यात मालाचे पोते फोडतानाच नमुना काढून ठेवावा लागतो, आणि तोही भरड करण्यापूर्वी.